जुळले म्हणजे किती जुळले?

भूकंपविषयक शोधनिबंधांत एक चित्र हमखास आढळते. काळ्या रेषेने काढलेला खऱ्या भूकंपाचा त्वरणालेख आणि त्यावर लाल रेषेने काढलेला, संगणकाने तयार केलेला आलेख. दोन्ही रेषा साधारण एकाच वेळी उसळतात आणि साधारण एकाच वेळी शांत होतात. चित्राखाली लिहिलेले असते की दोहोंत चांगला मेळ आहे. वाचक पान उलटतो. हा ‘चांगला मेळ’ म्हणजे नेमके काय, तो कोणत्या मापाने ठरवला आणि ते माप कितपत विश्वासाचे, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. या लेखात ते विचारायचे आहेत. कारण अशाच लाल रेषांच्या भरवशावर धरणाच्या भिंतीची तपासणी होते आणि शाळेच्या खोलीत किती पोलाद घालायचे याचे नियम ठरतात.

आपण उदाहरणासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके घेऊ. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. खाली नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशी भरवस्तीची गावे आहेत. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशाने पुणे जिल्ह्याला तिसऱ्या भूकंप-विभागात ठेवले. पण या परिसरात मोठ्या भूकंपाने जमीन कशी हलते, याची एकही तीव्र नोंद आपल्या हाताशी नाही. ती नसावी हे आपले भाग्यच आहे. मात्र अभियंत्याची अडचण त्याने सुटत नाही. त्याला डिंभ्याची भिंत तपासायची असेल तर हादरा हवा, आणि खरा हादरा नसल्यावर तो संगणकावर तयार करावा लागतो.

जवळची खरी नोंद कोणती? कोयनेची. कोयनानगर ते जुन्नर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. किल्लारी तर ३०० किलोमीटरांच्याही पलीकडे. जुन्नरच्या जवळ म्हणावी अशी हालचाल १९८३ साली ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरात झाली. तेथे धक्क्यांची मालिकाच सुरू होती, पण त्यांतील सर्वांत मोठा धक्काही ५ च्या आतलाच होता. तेव्हा ‘आमच्याकडे ६ पेक्षा मोठा भूकंप झाला तर?’ या प्रश्नाचे उत्तर कोयनेच्या नोंदीवरून आणि संगणकाच्या मदतीनेच शोधावे लागते.

कृत्रिम हादरा तयार करण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत प्रचलित रीत अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील डेव्हिड बूर यांनी १९८३ साली मांडली. तीत आधी निव्वळ यदृच्छ गोंगाट घेतात, रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्ये ठेवल्यावर येतो तसा. त्याला भूकंपाच्या कालावधीचा साचा देतात, म्हणजे सुरुवातीला चढ आणि मग सावकाश उतार. नंतर उगमाची शक्ती, खडकातून येताना लहरींची झालेली झीज आणि स्थानिक मातीचा परिणाम यांच्या गाळण्यांतून तो काढतात. दुसऱ्या रीतीत त्याच ठिकाणी नोंदलेल्या लहान धक्क्यांचे आलेख ठरावीक अंतराने एकमेकांवर रचून मोठा धक्का बांधतात. या दुसऱ्या रीतीत वाट आणि माती ही दोन्ही खरी असतात, कारण लहान धक्काही त्याच वाटेने आलेला असतो. तिसरी रीत भौतिकीच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक आहे. भूगर्भातील थर मांडून लहरींचे समीकरण सोडवायचे. पण तिला थरांची जी तपशीलवार माहिती लागते ती सहसा मंद कंपनांपुरतीच पुरते. सेकंदाला चार-पाच वेळा होणारी कंपने तिच्या हाती नीट लागत नाहीत, आणि बैठ्या इमारतींना व दगडी धरणांना घातक असतात ती नेमकी तीच.

कोयनेचा कागद

आता खऱ्या नोंदीकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. धरणाच्या १-अ क्रमांकाच्या खंडातील गॅलरीत एक त्वरणलेखक बसवलेला होता. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी इतके कमाल त्वरण नोंदवले. जी म्हणजे गुरुत्वत्वरण. हे धरण ज्या हिशेबाने बांधले होते त्यात भूकंपासाठी ०.०५ इतकाच गुणांक धरलेला होता. रुरकीचे जयकृष्ण आणि त्यांचे सहकारी चंद्रशेखरन व सैनी यांनी १९६९ साली या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९७३ साली अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी हीच नोंद वापरून गणिताने दाखवले की धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो तेथे सर्वाधिक ताण येतो. प्रत्यक्षात तडे त्याच उंचीच्या आसपास गेले होते. प्रतिरूपाची कसोटी कशी घ्यावी याचा हा माझ्या मते उत्तम नमुना आहे. भाकीत एका गोष्टीचे, पडताळा निराळ्याच गोष्टीवर, आणि भिंतीवरील तडा कोणाच्याही मर्जीने हलत नाही.

त्यानंतर या नोंदीचे नशीब काही औरच निघाले. ती जगभर गेली. धरणांच्या भूकंप-विश्लेषणाचे बहुतेक नवे संगणक-कार्यक्रम कोयनेवर चालवून पाहिले जातात. एका सुप्रसिद्ध अभियांत्रिकी सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत कोयना धरण नमुना-उदाहरण म्हणून दिलेले आहे. त्यामुळे कोयनेची काळी रेषा म्हणजे निसर्गाने दिलेली उत्तरपत्रिकाच, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट अशी की ते उपकरण मोकळ्या जमिनीवर नव्हते, धरणाच्या अंगातच होते. त्याने नोंदवली ती जमिनीची हालचाल अधिक धरणाची हालचाल. संगणकाने मोकळ्या खडकासाठी काढलेला आलेख या नोंदीशी ताडून पाहणे ही तुलना मुळातच विजोड आहे. तरीही ती पुनःपुन्हा केली जाते. दुसरे असे की त्या काळची ही उपकरणे एरवी झोपलेली असत आणि धक्का जाणवल्यावर जागी होत. म्हणजे सुरुवातीची हालचाल कागदावर उतरण्यापूर्वीच निसटलेली असते.

तिसरी गोष्ट वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. नोंद फोटोच्या कागदावर उमटे. तिचे बिंदू हाताने मोजून आकडे करावे लागत. आता समजा, शून्याची रेषा किंचित चुकली, अवघी ०.००१ जी इतकी. म्हणजे सुमारे ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्वरणाच्या आलेखात ही चूक डोळ्यांना दिसणारही नाही. पण विस्थापन काढायचे तर त्वरणाचे दोनदा संकलन करावे लागते. अकरावीचे विद्यार्थी जाणतात की स्थिर त्वरणात अंतर हे अर्धे गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग इतके असते. दहा सेकंदांनंतर ही चूक अर्धा गुणिले ०.०१ गुणिले १००, म्हणजे अर्धा मीटर होते! जमीन प्रत्यक्षात काही सेंटिमीटरच हललेली असू शकेल. म्हणून जुन्या नोंदींवरून काढलेले विस्थापन आणि कृत्रिम विस्थापन यांचा मेळ दाखवणारा आलेख पाहिला की आधी विचारावे, शून्याची रेषा कोणी आणि कशी दुरुस्त केली?

किल्लारीची गोष्ट याहून अवघड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे दगावली, पण मुख्य धक्क्याची जवळून नोंद करणारे एकही तीव्र-हालचाल उपकरण तेथे नव्हते. भूकंपानंतर फिरती उपकरणे घेऊन गेलेल्या पथकांना पाठोपाठचे लहान धक्के मिळाले. त्यांवरून मुख्य धक्का रचता येतो, परंतु तो ताडून पाहायचा कशाशी? पडलेल्या घरांशी ताडावा तर घरे होती जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीच्या जड धाब्याची. ती मध्यम हादऱ्यानेही कोसळतात. घर पडले यावरून जमीन किती हलली हे काढणे म्हणजे विद्यार्थी नापास झाला यावरून प्रश्नपत्रिका किती अवघड होती हे काढण्यासारखे आहे. २००१ च्या भुज भूकंपातही उगमाजवळची नोंद मिळाली नाही. अहमदाबादेत, सुमारे २४० किलोमीटरांवर, पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत ०.११ जीच्या आसपास त्वरण नोंदले गेले, त्यावरच पुढची बरीच भिस्त राहिली.

गुणपत्रिका

डोळ्यांनी पाहून ‘चांगला मेळ’ म्हणण्यापेक्षा मेळाला गुण द्यावेत, ही कल्पना नेवाडा विद्यापीठातील जॉन अँडरसन यांनी २००४ साली व्हँकूवरच्या जागतिक भूकंप-अभियांत्रिकी परिषदेत मांडली. या विषयातला हा एक मोलाचा निबंध आहे आणि तो इतका साधा आहे की बारावीच्या मुलांना समजावा. दोन्ही आलेखांतून दहा मापे काढायची: कमाल त्वरण, कमाल वेग, कमाल विस्थापन, कंपनाचा कालावधी दोन प्रकारे, ऊर्जेची दोन मापे, दोन प्रकारचे वर्णपट आणि दोन रेषांचा परस्परसंबंध. मंद कंपनांपासून जलद कंपनांपर्यंत वेगवेगळ्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीत ही मापे घ्यायची आणि प्रत्येक मापाला दहापैकी गुण द्यायचे.

परस्परसंबंध सोडला तर इतर मापांचे गुण काढण्याची रीत अशी आहे. दोन आकड्यांतील फरकाला लहान आकड्याने भागायचे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा, २.७१८ या संख्येचा तितका ऋण घात काढायचा आणि दहाने गुणायचे. एक आकडा दुसऱ्याच्या १.२ पट असेल तर ९.६ गुण पडतात, दीडपट असेल तर ७.८, दुप्पट असेल तर ३.७ आणि तिप्पट असेल तर जेमतेम ०.२. चारपेक्षा कमी गुण म्हणजे मेळ वाईट, चार ते सहा बरा, सहा ते आठ चांगला आणि आठच्या वर उत्कृष्ट. या पायऱ्या अँडरसन यांनी हवेतून काढलेल्या नाहीत. खऱ्या भूकंपांत एकाच ठिकाणी नोंदलेल्या दोन आडव्या दिशांच्या आलेखांची आपसांत तुलना करून त्या बसवल्या आहेत. या युक्तीचे मला फार कौतुक वाटते. निसर्गाचे दोन आलेख एकमेकांशी जितके जुळतात त्यापेक्षा अधिक अपेक्षा संगणकाकडून करण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले.

पण पद्धतीचे कौतुक केले म्हणून ती पारखून घ्यायची नाही असे नव्हे. आपण तिला कोयनेच्या तीन आकड्यांवर चालवून पाहू. आडव्या दोन दिशांचे आकडे ०.६३ आणि ०.४९. फरक ०.१४, भागिले ०.४९ म्हणजे ०.२९, वर्ग ०.०८, गुण ९.२. उत्कृष्ट. आता प्रवाहाच्या दिशेचे ०.४९ आणि उभ्या दिशेचे ०.३४ घेऊ. फरक ०.१५, भागिले ०.३४ म्हणजे ०.४४, वर्ग ०.१९, गुण ८.२. हेही उत्कृष्ट! कमाल त्वरणाच्या मापाने पाहिले तर उभा हादरा आडव्या हादऱ्याच्या जागी बेलाशक खपून जाईल. प्रत्यक्षात इमारतीच्या दृष्टीने उभे हलणे आणि आडवे हलणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यात अँडरसन यांचा दोष नाही. त्यांनी म्हणूनच दहा मापे सांगितली. दोष आहे तो त्यांतील सोयीचे एक-दोन आकडे उचलून आठच्या वर गुण मिळाल्याचे सांगणाऱ्यांचा. कमाल त्वरण हा एका क्षणाचा आकडा आहे. कोयनेचे कमाल त्वरण १९४० च्या कॅलिफोर्नियातील एल सेंट्रोच्या सुप्रसिद्ध नोंदीपेक्षा पुष्कळ मोठे, परंतु कोयनेचा मुख्य जोर पाच-सहा सेकंदांतच ओसरला आणि त्यात जलद कंपनेच अधिक होती. एल सेंट्रोची जमीन त्याहून कितीतरी जास्त वेळ जोरात हलत राहिली.

दुसरी हरकत सरासरीवर आहे. शालान्त परीक्षेत एकूण टक्केवारी चांगली असली तरी गणितात नापास झालेला विद्यार्थी नापासच ठरतो. येथे मात्र दहा मापे आणि सगळ्या पट्ट्या यांची सरासरी काढून एकच आकडा छापला जातो. शिवाय ही दहा मापे दहा स्वतंत्र विषय नाहीत. ऊर्जेचे एक माप त्वरणाच्या वर्गाचे संकलन करून मिळते. चिलीचे अभियंते अर्तुरो आरियास यांनी १९७० साली ते सुचवले. त्वरण जुळले की ते बऱ्याच अंशी आपोआप जुळते. एकाच विषयाच्या तोंडी आणि लेखी परीक्षेचे गुण दोन विषय म्हणून धरावेत तसे हे होते.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. हे सूत्र दोन्ही बाजूंनी सारखे आहे. खरे त्वरण ०.४ जी असताना संगणकाने ०.८ सांगितले तर ३.७ गुण, खरे ०.८ असताना ०.४ सांगितले तरीही ३.७ गुणच. गणिताच्या दृष्टीने दोन्ही चुका जुळ्या आहेत. पहिल्या चुकीने सिमेंट आणि पैसा वाया जाईल, दुसरीने धरणाखालची माणसे. गुणपत्रिकेत जास्त-कमीचे चिन्ह छापलेच जात नसेल तर ती वाचून निर्णय घेणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला चुकतो आहोत हे कळणार कसे?

राहिला परस्परसंबंध. दोन लेझीम पथके एकाच चालीवर, एकाच जोशाने खेळत आहेत, पण दुसरे पथक अर्ध्या ठोक्याने मागे आहे अशी कल्पना करा. एकाचा हात वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो. क्षणाक्षणाची तुलना केली तर परस्परसंबंध उणे एकच्या जवळ येईल आणि अँडरसन यांच्या रीतीने त्या मापाला शून्य गुण मिळतील. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही पथके सारखीच वाटतील. स्लोव्हाकियातील क्रिस्टेकोवा, क्रिस्टेक आणि मोत्सो यांनी २००६ आणि २००९ साली याला चांगला तोडगा काढला. त्यांनी आलेखाचे काळ आणि वारंवारता यांच्या पटावर तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात जोराची चूक वेगळी व ठोक्याची चूक वेगळी मोजली. इमारतीला ठोका किंचित मागे-पुढे झाल्याने फारसे बिघडत नाही. जोर चुकला तर बिघडते. उलट भूगर्भातील लहरींचा वेग तपासणाऱ्याला ठोक्याचीच चूक महत्त्वाची. ही पद्धत काहीशी किचकट आहे म्हणून ती कमी वापरली जाते. माझे मत विचाराल तर कृत्रिम आलेख छापणाऱ्या प्रत्येकाने तिच्या वाटेला एकदा तरी जावे.

कोणासाठी जुळवायचे?

नारायणगावच्या एका शिक्षक शिबिरात मला एका बाईंनी विचारले, “एकाच भूकंपाचा एकच आलेख धरणालाही चालेल आणि आमच्या शाळेलाही चालेल का?” प्रश्न अचूक होता. लाकडी फळीवर हॅकसॉची पाती वेगवेगळ्या लांबीची ठेवून उभी बसवा आणि फळी हलवा. एका विशिष्ट गतीने हलवली की एकच पाते जोरात डोलते, बाकीची जवळजवळ स्वस्थ राहतात. गती बदलली की दुसरे पाते डोलू लागते. कोणते पाते कमाल किती डोलले याचा आलेख म्हणजेच अभियंत्यांचा प्रतिसाद-वर्णपट. पाते म्हणजे इमारत, आणि प्रत्येक इमारत आपल्या आवर्तनकालापुरताच भूकंप ऐकते.

१०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा मूळ आवर्तनकाल सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश आहे. डिंभे धरणाची उंची सुमारे ६७ मीटर. सारख्या घडणीच्या धरणांत आवर्तनकाल साधारण उंचीच्या प्रमाणात बदलतो असे धरले तर डिंभ्याचा आवर्तनकाल ०.२ सेकंदाच्या आसपास यावा. हा केवळ पाटीवरचा हिशेब आहे. पाणी भरलेले असताना आकडा वाढेल. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कोयनेच्या धरणासाठी एक तृतीयांश सेकंदाजवळ उत्तम जुळवलेला कृत्रिम हादरा डिंभ्यासाठी ०.२ सेकंदाला जुळेलच असे नाही. सरासरी आठ गुणांच्या आत ०.२ सेकंदाच्या पट्टीतले तीन गुण दडलेले असू शकतात.

शाळेचे पाते निराळे. दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग, या ढोबळ नियमाने दुमजली शाळेचा आवर्तनकाल ०.२ सेकंद येतो. म्हणजे योगायोगाने तो डिंभ्याजवळच आहे. पण धरण खडकावर उभे असते, शाळा अनेकदा मातीवर. शिवनेरी आणि लेण्याद्रीचा बसाल्ट कितीही टणक असला तरी कुकडी आणि घोडच्या काठी गाळाचे थर आहेत. बोरी येथे कुकडीच्या काठच्या गाळात प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, त्या राखेचे वय किती यावर संशोधकांनी पुष्कळ वाद घातला आहे. आपल्याला येथे राखेशी कर्तव्य नाही, तिच्या वर-खाली असलेल्या गाळाशी आहे. असा गाळ दहा मीटर जाडीचा आहे आणि त्यातून आडव्या हालचालीच्या लहरी सेकंदाला २०० मीटर वेगाने जातात असे धरू. थराचा स्वतःचा आवर्तनकाल म्हणजे जाडीची चौपट भागिले वेग. चाळीस भागिले दोनशे म्हणजे ०.२ सेकंद. पुन्हा तोच आकडा! अशा ठिकाणी माती आणि दुमजली इमारत एकाच ठोक्यावर डोलू लागतील. खडकावरच्या नोंदीशी उत्तम जुळलेला कृत्रिम आलेख या शाळेबाबत फारसे काही सांगत नाही. थर पाच मीटरांचा असेल तर हिशेब लगेच बदलतो. म्हणून एका बोअरच्या खोदाईतून मिळालेली थरांची माहिती कधीकधी शंभर पानी प्रतिरूपापेक्षा उपयोगी ठरते.

आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांसाठी तर मापच वेगळे लागेल. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळली ती मुसळधार पावसाने. तिचा भूकंपाशी संबंध नव्हता. पण झिजलेला खडक आणि भिजलेली माती असलेले असे उतार भूकंपात कसे वागतील हे तपासायचे असेल तर न्यूमार्क यांनी १९६५ साली दिलेली घसरत्या ठोकळ्याची रीत वापरतात. उताराची धरून राहण्याची ताकद ओलांडणारा प्रत्येक हिसका ठोकळ्याला थोडे खाली सरकवतो आणि सरकणे साठत जाते. येथे एका क्षणाच्या कमाल त्वरणापेक्षा हिसके किती आणि किती वेळ, याला महत्त्व. म्हणजे आरियास यांचे माप आणि कालावधी. हे दोन चुकले आणि बाकी आठ मापे जुळली तर गुणपत्रिका देखणी दिसेल, उताराचा अंदाज मात्र फसेल.

फुटलेली प्रश्नपत्रिका

शेवटची हरकत रीतीपेक्षा वागणुकीबद्दल आहे. बूर यांच्या पद्धतीत काही राशी बाहेरून द्याव्या लागतात: उगमाशी खडकाचा ताण किती सुटला, वाटेत लहरी किती झिजल्या. द्वीपकल्पीय भारतासाठी या राशी कोयना-वारणा परिसरातल्या नोंदींवरून ठरवाव्या लागतात, कारण नोंदी तेथेच आहेत. मग त्याच राशी घालून कोयनेचा हादरा काढला आणि तो कोयनेच्या नोंदीशी जुळला, तर ती परीक्षा कसली? प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी हाती आलेल्या मुलाला पैकीच्या पैकी गुण पडले एवढाच त्याचा अर्थ. रघुकांत आणि अय्यंगार यांनी २००७ साली द्वीपकल्पासाठी जे सूत्र दिले त्यात प्रत्येक वारंवारतेला किती चूक संभवते याचा आकडाही छापला. हे मला अधिक प्रामाणिक वाटते. एका रेषेशी दुसरी रेषा बेमालूम जुळवून दाखवण्यापेक्षा आपल्या अंदाजाचा पट्टा किती रुंद आहे हे सांगणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे.

कॅलिफोर्नियात टर्की फ्लॅट नावाच्या खोऱ्यात १९८७ पासून खडकावर आणि गाळावर उपकरणे ठेवून भूकंपाची वाट पाहिली गेली. २००४ साली पार्कफिल्डचा ६ प्रतीचा भूकंप झाला. नोंदी मिळाल्या, पण गाळावरच्या नोंदी लगेच जाहीर केल्या नाहीत. आधी जगभरच्या अभ्यासकांकडून अंदाज मागवले आणि मगच उत्तरे उघडली. परीक्षा अशी असावी.

आपल्याकडे मोठ्या भूकंपाची वाट पाहत बसण्याची गरज नाही आणि कोणी तशी इच्छाही करू नये. महाराष्ट्रात अनेक धरणांजवळ भूकंपमापन केंद्रे आहेत आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था त्यांचे काम पाहते. दोन-तीन प्रतीचे धक्के अधूनमधून नोंदले जातात. ज्या पद्धतीने मोठा हादरा काढायचा तिला आधी असे लहान धक्के, उत्तर न दाखवता, काढायला सांगावेत: एक खडकावर, एक कुकडीच्या गाळावर. लहान धक्क्यांनी उगमाची परीक्षा होणार नाही, मोठ्या भूकंपात मातीची ताकद ढासळते तेही कळणार नाही. वाट आणि माती यांची परीक्षा मात्र नक्की होईल. आणि निकाल छापताना सरासरीचा एकच आकडा न देता ०.१, ०.२, ०.३३ सेकंदाला खरा आकडा किती, संगणकाचा किती आणि संगणकाचा कमी की जास्त, असे तीन रकाने छापावेत. हॅकसॉची पाती, फळी आणि वर दिलेले गुणांचे सूत्र एवढ्या सामग्रीवर हेच कोष्टक शाळेच्या प्रयोगशाळेतही भरता येते. एका विद्यार्थ्याने फळी हलवायची, दुसऱ्याने ती नक्कल करायची आणि तिसऱ्याने, हलवणारे दोघेही दिसणार नाहीत असे बसून, फक्त पाती किती डोलली ते मोजायचे.